घरगुती कारणास्तव

मराठी नोकरदार रजेच्या अर्जात खरं कारण लिहीत नाही. ‘घरगुती कारणास्तव’ या दोन शब्दांत त्याने आजवर मावशीच्या गुडघ्यापासून गावच्या सातबाऱ्यापर्यंत सगळं बसवलं आहे. पण जुलैतल्या एखाद्या मंगळवारी लोहगडावर जाऊन धुक्यात भिजायचंय, हे कारण घरगुती तर नाहीच, मुळात कारणच नाही, असं त्याला मनापासून वाटतं. त्यामुळे हक्काची रजा मागतानाही तो साहेबांच्या टेबलासमोर उसने पैसे मागायला आल्यासारखा उभा राहतो.

“काय, सगळं ठीक ना घरी?”

“हो... म्हणजे, तसं ठीकच, सर.”

एवढ्यावर रजा मंजूर होते. तो कामावर परत आला की दोन दिवस ऑफिस त्याच्याशी हळू आवाजात बोलतं, आणि चहाचे पैसे दुसरंच कुणीतरी देतं.

ही भीड कायद्याला ठाऊक नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांमध्ये वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा दिली आहे. आजी किती वेळा वारली, याची चौकशी त्यात कुठे नाही. रविवारची सुट्टी तर त्याहून जुनी आणि भांडून मिळवलेली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून १० जून १८९० रोजी ती पदरात पाडून घेतली. अगदी पावसाच्या तोंडावर! पुढे याच रविवारी सगळं पुणे आणि अर्धी मुंबई एकाच वेळी लोणावळ्याकडे निघेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

रविवारची सहल हे प्रकरण मुळात विश्रांतीत मोडत नाही. पहाटे पाचला उठायचं, कारण ‘गर्दीच्या आधी पोचू’. हा विचार प्रत्येकालाच सुचलेला असल्यामुळे गर्दीही पाचलाच उठलेली असते. २०२३च्या पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी लोहगडाच्या पायऱ्यांवर इतकी माणसं लोटली, की वरच्यांना खाली येता येईना आणि खालच्यांना वर जाता येईना. लोक तासन्‌तास जागच्या जागी उभे होते. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे चार दरवाजे शत्रूला थोपवायला बांधले होते. त्या दिवशी शत्रू नव्हता, पण थोपवायचं काम त्यांनी चोख बजावलं. आता जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत लोहगडही आहे. तेव्हा रविवारचा प्रश्न निकालात निघाला म्हणायचा.

भुशी धरणाचंही तेच. एकोणिसाव्या शतकात ते रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. इंजिनं इतिहासजमा झाली. त्यांच्या वाटणीच्या पाण्यात आता माणसं पायऱ्यांवर बसून मक्याचं कणीस खातात. ३० जून २०२४ रोजी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथे विनोद थांबतो. घाटमाथ्यावर पाणी मिनिटांत चढतं, आणि बंदीची पाटी कुणाची मजा घालवायला लावलेली नसते.

आठवड्यातल्या मधल्या वारी मात्र हाच मुलूख वेगळा असतो. पुण्याहून लोणावळा लोकल पकडायची, लोणावळ्याच्या एकच स्टेशन अलीकडे माळवलीला उतरायचं. भाजे गाव, डोंगरातली लेणी, मग चढ, लोहगडवाडी आणि पायऱ्या. वर पोचलं की विंचूकाटा माची समोर पसरलेली असते. म्हणजे असावी, कारण धुक्यात ती दिसत नाही. तरी येणारा प्रत्येक जण त्या दिशेने हात करून ‘तो बघ विंचूकाटा’ म्हणतोच, आणि सोबतचा ‘वा!’ म्हणतो. छत्री उलटी होते. डब्यातल्या पोळीभाजीत पाऊस शिरतो. बुटात पाणी गेल्याचं दुःख पहिली पंधरा मिनिटं, नंतर त्याचंही काही वाटेनासं होतं.

अशा वेळी फोन वाजतो. गड उंचावर बांधायचे ते टेहळणीसाठी. तीच उंची मोबाइलच्या रेंजलाही मानवते, ही घरगुती कारणवाल्यांची शोकांतिका आहे.

“सॉरी हं, तुमच्या अडचणीत त्रास देतोय. त्या फाइलचा पासवर्ड काय?”

तो पासवर्ड सांगतो.

“मागे एवढा आवाज कसला?”

“कूलर आहे, सर.”

“जुलैत?”

याला उत्तर सुचायच्या आत टोपलीवर प्लास्टिक ओढलेली एक मावशी शेजारून हाक घालते, “कांदाभजी घ्या की दादा, गरम हायेत!”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग साहेब आवाज खाली आणून विचारतात, “लोहगड का? कितीला प्लेट लावलीय सध्या?”

ज्या साहेबांना भजीच्या आवाजावरून गड ओळखता येतो, त्यांच्या स्वतःच्या रजांची कारणं कुणी तपासलेली नसतात. साहेबांनाही वर साहेब असतात आणि त्यांनाही गावी सातबारा असतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या अर्जात ‘लोहगडावर जायचे आहे’ असं सरळ लिहून बघा. फार तर साहेब बरोबर येतील, आणि भजीचे पैसे त्यांनाच द्यायला लावता येतील. पण आजचं उद्यावर ढकलू नका. त्याच २०१७च्या कायद्यानुसार अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. नैमित्तिक रजा दर तिमाहीला थोडी थोडी खात्यावर जमा होते आणि वापरली नाही, तर ३१ डिसेंबरला बाद होते.