उतरायची सायकल

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात हिवाळ्यात शेताडीचा रबरबाट झाला, की लोक तिकीट काढून त्या चिखलात उभे राहतात आणि दुसरे लोक त्यातून सायकली हाकताना बघतात. या खेळाचं नाव सायक्लोक्रॉस. तासाभराची शर्यत, वाटेत वाळू, घसरडे चढ, आणि एवढ्यानं भागत नाही म्हणून मुद्दाम आडव्या लावलेल्या फळ्या. फळी 40 सेंटिमीटरपेक्षा उंच नको, असा नियम आहे. आपल्याकडेही इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर सांगून ठेवली आहे. प्रत्यक्षात ती डांबर किती उरलं यावर ठरत असावी.

या खेळाचं मूळ सांगतात तेही फार ओळखीचं आहे. सायकलस्वारांनी पुढच्या गावापर्यंत पैज लावायची, आणि रस्ता सोडून शेतातून, कुंपणावरून, जमेल तिथून घुसायचं. म्हणजे शॉर्टकट. 1902 मध्ये फ्रान्सनं त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवली. आपण अजून त्याला वाहतूक म्हणतो.

तर अशी एक सायकल घेऊन मी कोथरूडहून कर्वे रस्त्यानं ऑफिसला जातो. पहिल्या दिवशी पार्किंगमधल्या वॉचमननं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"साहेब, मडगार्ड?"

"याला नसतं. चिखल अडकतो."

"कॅरियर?"

"नाही."

"स्टँड तरी?"

"तोही नाही."

तो जरा थांबला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "हप्त्यावर घेतली का? बाकीचं पुढच्या महिन्यात देणार असतील."

किंमत सांगायचा धीर मला झाला नाही. शर्यतीच्या सायकलींचा हिशेबच उलटा असतो; जितकं कमी, तितकं महाग. मडगार्ड नसल्यामुळे पावसाळ्यात मागचं चाक माझ्या पाठीवर खालून वर चिखलाची सरळ रेघ ओढतं. त्यामुळे ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी कायम भिंतीला पाठ लावून उभा असतो आणि बायकांना आधी बाहेर पडू देतो. माझ्या सभ्यपणाचा तिथे बराच बोलबाला आहे. बेल्जियमच्या स्वारांना ही अडचण नाही. त्यांची सायकल माखली की वाटेत दुसरी धुतलेली तयार असते, आणि पहिली धुवायला माणूस असतो. माझा तो माणूस मीच, सोसायटीच्या नळावर, बादली घेऊन.

हवेचंही असंच. हिच्या ट्यूबला बारीक, लांबुडका व्हॉल्व्ह असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं त्याचं टोक फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवून पाहिलं आणि सायकल अदबीनं परत केली. "काका, हे दवाखान्याचं काम दिसतंय." आता एक पितळी अडॅप्टर माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो.

एवढं सोसून ही सायकल मला आवडते, ती तिच्यावरून उतरता येतं म्हणून. एरवी उतरणं म्हणजे हार. चढावर उतरून सायकल हातानं ढकलणाऱ्याला पुण्यात प्रत्येक जण "पंक्चर का?" विचारतो, आणि त्या विचारण्यात मदतीचा इरादा कमीच असतो. सायक्लोक्रॉसमध्ये मात्र उतरणं हेच कसब. चालत्या सायकलवर उजवा पाय मागून डावीकडे आणायचा, डाव्या पायडलवर क्षणभर उभं राहायचं, आडवा दांडा धरून सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळत सुटायचं. 1950 साली पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती जिंकली जाँ रोबिकनं. हा गृहस्थ 1947 ची टूर द फ्रान्स जिंकून आलेला. सायकल खांद्यावर घेणाऱ्यांच्या पंगतीत असा माणूस असला, की आपली मान आपोआप ताठ होते.

आमच्या लहानपणी दांडा बसायला असायचा. वडील त्यावर टॉवेल गुंडाळायचे, तरी शाळा येईपर्यंत पायांना मुंग्या यायच्या. या सायकलीच्या दांड्याचं पोट चपटं केलेलं आहे, खांद्याला रुतू नये म्हणून. ब्रेकच्या वायरीही खांद्याला टोचणार नाहीत अशाच नेलेल्या. माणूस सायकलवर बसेल तितकीच सायकलही माणसावर बसेल, हे बनवणाऱ्यानं आधीच धरून ठेवलंय.

आमच्या वाटेवर पाइपसाठी चर खणलेला आहे आणि त्यावर फळी टाकली आहे. गाड्या अलीकडे हॉर्न वाजवत तुंबलेल्या असतात. मी सायकल खांद्यावर मारून निघालो, तर बाकावरच्या आजोबांनी विचारलंच, "पंक्चर?"

"नाही हो. ही अशीच उचलून न्यायची असते."

"मग घेतलीत कशाला?"

उत्तर जुळवत मी फळीवर चढतोय, तोच मागून घंटी वाजली. पाववाले. काळी सायकल, मागे पाव-खारीचा भलामोठा पेटारा, दीड इंची टायर. शर्यतीच्या नियमात टायर 33 मिलिमीटरपर्यंतच बसतं. पाववाल्यांचं 38 भरतं, म्हणजे ते पहिल्या फेरीतच बाद. मी बाजूला झालो. ते बसल्या बसल्या फळीवरून पलीकडे गेले आणि वळून म्हणाले, "बसा की साहेब आता. पुढं रस्ता चांगलाय."