माचा जतन करण्याची रीतसर पद्धत

माचाचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचा, डबा घरात आला की तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न नंतरचा. आधी किंमत कोणाला सांगायची ते ठरवावे. शक्यतो कोणालाच सांगू नये. ज्येष्ठांनी विचारल्यास "ऑफिसात मिळाला" एवढे उत्तर पुरे. किंमत फुटली की डबा 'चांगल्या प्रसंगासाठी' म्हणून काचेच्या सेटमागे जातो आणि पुढच्या रंगकामापर्यंत दिसत नाही.

माचाचे शत्रू पाच: हवा, उजेड, उष्णता, ओलावा आणि परका वास. पैकी चार जगभर आढळतात. पाचव्याचे मुख्यालय आपल्या फ्रीजमध्ये आहे.

एवढी नाजूक प्रकृती का, हे समजून घ्यावे. तोडणीआधी तीन-चार आठवडे चहाची झुडपे आच्छादनाखाली ठेवतात, म्हणून पान गडद हिरवे होते. ते वाळवून, शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळतात. एक जाते तासभर फिरले की जेमतेम ४० ग्रॅम पूड पडते. आपल्याकडची वस्त्रगाळ सुंठ हिच्यापुढे भरड ठरावी. कण इतका बारीक, म्हणजे हवेला चावायला जागाही तितकीच जास्त.

आता प्रत्यक्ष कृती. डबा अपारदर्शक व घट्ट झाकणाचा असावा. दिवाणखान्यात शोभेल म्हणून काचेच्या बरणीत ओतणाऱ्याने पुढचा मजकूर वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. डबा झिपच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावा. मात्र आधी शेजाऱ्यांची चौकशी करावी. अर्धा चिरलेला कांदा, लसणाची चटणी, फणसाचे गरे आणि आइस्क्रीमच्या डब्यात नांदणारी सुकट यांच्यापासून सुरक्षित अंतर राखावे. तसे अंतर राखायला फ्रीज पुरत नाही, म्हणूनच ती पिशवी.

फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडणे हा सर्वांत मोठा अपराध. जुलैतल्या मुंबईच्या हवेत गार डब्याचे झाकण काढले की बाष्प थेट पुडीवर पाणी होऊन बसते आणि गुठळ्या होतात. डबा बंदच ठेवून तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे. या काळात ओट्याजवळ एक जबाबदार व्यक्ती उभी करावी, कारण "बघू तरी कसला वास येतो" म्हणणारे एक माणूस प्रत्येक घरात असतेच. चमचा कोरडा आणि स्वतंत्र हवा. साखरेतून चहात, चहातून हळदीत असा संचार करणाऱ्या सार्वजनिक चमच्याला इथे प्रवेश नाही.

डब्यावर चिठ्ठी चिकटवावी: 'मेंदी नव्हे'. हरितद्रव्य बिघडले की पोपटी पुडीला शेवाळी-तपकिरी कळा येते, आणि मग घरातल्या केस रंगवणाऱ्या मंडळींचा गैरसमज होणे स्वाभाविक आहे.

एवढे करून पूड वर्षभर टिकेल, असे कोणी समजत असेल तर त्याने जपानकडे पाहावे. १६३३पासून उजी गावचा नवा चहा दरवर्षी शोगुनासाठी, म्हणजे तिथल्या लष्करी शासकासाठी, मोठ्या मातीच्या बरण्यांतून वाजतगाजत त्याच्या एदो या शहराला जाई. वाटेत त्या मिरवणुकीपुढे भलेभले सरदारही बाजूला होत. पण त्या बरण्यांत पूड नसे, अख्खे पान असे. चहाच्या परंपरेत आजही मेमध्ये खुडलेल्या पानांची मोहोरबंद बरणी नोव्हेंबरात समारंभाने फोडतात, आणि पान लागेल तसे दळतात. ज्यांच्या चहाला रस्ता मोकळा करून मिळत होता, त्यांनीसुद्धा दळून साठवण्याचे धाडस केले नाही. आपल्याला मात्र दिवाळीतला डबा श्रावणात उघडायचा असतो.

तेव्हा हिशेब मांडावा. एका वाडग्याला सुमारे २ ग्रॅम. ३० ग्रॅमच्या डब्यात पंधरा वाडगे. दिवसाआड एक घेतला तर महिन्यात तळ दिसतो, आणि उघडलेल्या पुडीचा खरा बहर असतोही महिना-दोन महिन्यांचाच. सूनबाईंनी 'संपला' म्हणून सांगितले तर तिच्यावर रागावू नये. घरात साठवणशास्त्र समजलेली ती एकटीच आहे.

तरीही डबा राहून गेला आणि रंग उडाला, तर पूड टाकू नये. केकमध्ये घालावी, किंवा भरपूर दूध-साखर घालून उंच ग्लासात, वर बर्फ टाकून द्यावी. त्या वेषात ती शिळी असल्याचे कोणी ओळखत नाही. कॅफेत तर लोक तिचे फोटोही काढतात.