उंची बारा, छाती सहा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या टेलरनं आजवर नाना मापांची गिऱ्हाइकं पाहिली आहेत. तरीही "उंची बारा इंच, छाती सहा, बाही चार" हे माप मी सांगितलं तेव्हा त्यानं कानावरची पेन्सिल काढली, वहीत नीट उतरवून घेतलं आणि हसून विचारलं, "बारसं कधी?"

"बारसं नाही," मी म्हणालो. "सहावी पूना डिव्हिजन. १९१५. मेसोपोटेमिया."

त्यानं पेन्सिल परत कानावर ठेवली. पुढं म्हणाला, "साहेब, एवढ्याची शिलाई काय घेऊ ते मला सुचत नाही आणि तुम्ही ट्रायलला कुणाला आणाल तेही नको." तेव्हापासून माझ्या पलटणीचा शिंपी मीच आहे.

छंद असा आहे: सहा फुटी माणूस बारा इंचांत बसवायचा, आणि त्या बारा इंची शिपायाला त्याच्या काळाचा, त्याच्या पलटणीचा, त्याच्या हुद्द्याचा पोशाख खऱ्या कापडात शिवायचा. रंगवायचा नाही, शिवायचा. लहान सैनिक रंगवणाऱ्यांची जात वेगळी. विल्यम ब्रिटनच्या कारखान्यानं १८९३ मध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली आणि जगभरच्या पोरांच्या खिशात पलटणी आल्या. ते बोटभर उंचीचे, अंगावर कपडे रंगाचे. आपल्याकडे दिवाळीतल्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा त्याच पंथातला. तो साच्यातूनच कपडे नेसून बाहेर येतो. त्याच्या अंगरख्याचा बंद डावीकडे की उजवीकडे, हे ज्यानं रंगवला त्याच्या ब्रशाला ठाऊक.

बारा इंचीवाल्यांचा वंश मात्र बार्बीपासून निघतो, आणि हे आमच्यातले मिशीवाले लोक मान्य करत नाहीत. बार्बी आली १९५९ मध्ये. बाहुली एकदाच विकायची आणि कपडे जन्मभर विकत राहायचे, ही तिच्या धंद्यातली मेख हॅस्ब्रो कंपनीनं ओळखली आणि १९६४ मध्ये जी. आय. जो नावाचा सैनिक बाजारात आणला. उंची साडेअकरा इंच, म्हणजे बार्बीएवढीच. पायदळाचा पोशाख वेगळा घ्या, नौदलाचा वेगळा घ्या, बूट वेगळे घ्या. दोन वर्षांत इंग्लंडमध्ये त्याचा भाऊ ॲक्शन मॅन आला. मुलांच्या बापांनी मुकाट्यानं पाकिटं काढली.

आज बाजारात जर्मन पायदळ मिळतं, अमेरिकन छत्रीधारी मिळतात, नेपोलियनचे पहारेकरी मिळतात. कुतच्या वेढ्यातला मराठा शिपाई मागून बघा. विकणारा तुम्हाला कुत म्हणजे काय ते विचारतो. टायग्रिस नदीच्या वळणातलं ते गाव. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ पासून ब्रिटिश जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन तिथं तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. नाव पूना, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी. ज्या शहरात चौकाचौकात इतिहासावर वाद घालणारे लोक उभे असतात, त्या शहराचं नाव लावलेल्या डिव्हिजनचा एक शिपाई कुणी बनवू नये? म्हणून मी सुई ओवली.

पहिली अडचण कापडाची. माणूस सहापट लहान करता येतो, सूत करता येत नाही. खऱ्या खाकी ड्रिलवर तिरक्या रेघांची वीण असते. तेच कापड बारा इंची माणसाला शिवलं की ती वीण दोरखंडाएवढी दिसते आणि अंगरखा अंगावर पडायचं नाव घेत नाही. आपल्याला कापसासकट गादीत शिवावं, तशी त्या बिचाऱ्याची गत होते. हात खाली येत नाहीत. सावधानमध्ये उभा करावा तर तो विमान होतो. म्हणून कापड हवं पातळ, घट्ट विणीचं, आणि विणीचा मागमूस न दिसणारं. केंब्रिक चालतं, मलमल चालते, पण सर्वांत नामी कापड म्हणजे ब्लाऊजचं टू बाय टू रुबिया.

मॅचिंग सेंटरमध्ये एकटा पुरुष शिरला की काउंटरवरचा मुलगा आधी त्याच्या हाताकडे बघतो. "साडी दाखवा."

"साडी नाही. शिपाई आहे."

मी पिशवीतून तो बारा इंची, अंगावर सूत नसलेला गडी काढून काउंटरवर उभा केला. शेजारी फॉल-पिको करायला आलेल्या दोन बायका जरा लांब सरकल्या. मुलगा कसलेला निघाला. त्यानं शिपाई उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कातडीला मॅच करायचंय की बुटाला?" मग त्यानं ठाण काढायला सुरुवात केली. चिंतामणी आला, राणी आला, गाजरी, मोतिया, रामा, बदामी, मेंदी, सगळे आले. ज्या दुकानात आंब्याच्या फोडीपासून आमसुलापर्यंत हरेक रंग हजर असतो, तिथं खाकी नाही. खाकी साडी नेसणार कोण? मी बदामी घेतला. पाव मीटर मागितला तेव्हा मुलगा म्हणाला, "काका, एवढ्यात तुमची अख्खी कंपनी होईल." तो हिशेबाला पक्का होता.

बदामीचा खाकी करायला चहाचा चोथा पुरतो. पातेलं उकळायला ठेवलं की घरातून विचारणा होते, "अहो, हा चहा पिण्याचा की लढाईचा?" ही थट्टा नाही, याला आधार आहे. १८४० च्या दशकात पेशावरकडे हॅरी लम्सडेननं आपल्या गाइड्स पलटणीला मातकट कपडे चढवले, आणि १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनी आपले पांढरेधोप सदरे जे हाताला लागेल त्यात बुडवून काढले. त्यात चिखल होता, चहा होता, कॉफी होती आणि मसाल्याची पूडसुद्धा होती. त्या काळात दोन पलटणींचा रंग एकमेकींशी जुळत नसे. त्यामुळं माझ्या शिपायाचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित कडक चहाचा आहे, त्याला इतिहासाचा पाठिंबा आहे. आधीच्या लाल डगलेवाल्यांचंही तेच. साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेच्या मुळात रंगवायचे, तो विटकरी व्हायचा. साहेबाचा डगला किरमिजाच्या किड्यात रंगवायचे, तो लालभडक. तेव्हा बाहुल्याच्या शिपायाला भडक लाल चढवला की जाणकार विचारतो, याला बढती कधी मिळाली?

शिवणकामातली माझी गुरू म्हणजे काकू. काकूनं लष्करातलं कुणी पाहिलेलं नाही, पण देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला तिनं इतकी वर्षं अंगरखे शिवले आहेत की बोटभर देहाचा बेत तिच्या हातात बसला आहे. माझा शिपाई पाहून ती म्हणाली, "हा तर उभा आहे! माझा रांगतो. एक हात जमिनीला, एक हात लोण्याला, गुडघा दुमडलेला, आणि एकही अवयव हलत नाही. त्याला घालून दाखव कपडे." त्यानंतर तिनं जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकात नाही. "आधी डोकं जातंय का बघ, अंगाचं मग. बगल मोठी काप. बाहीला कापड उरेब घे, म्हणजे कोपरात आखडत नाही. आणि कडा दुमडत बसू नकोस, दुमडपट्टीनं जाड होतं. पातळ डिंक लाव." काकूचा डिंक म्हणजे माझा फेव्हिकॉल, पाण्यात पातळ केलेला. तोच पुढं आणखी एका कामाला येतो. लहान कापडाला स्वतःचं वजन नसतं, त्यामुळं ते लोंबत नाही, फुगून राहतं. ते त्या पाण्यात भिजवायचं, अंगावरच चुण्या पाडायच्या, दोऱ्यानं बांधून रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी दोरा सोडला की शिपाई वर्षभर तोच सदरा घातल्यासारखा दिसतो.

एवढं सगळं करून काकूचा एक आक्षेप उरतोच. "देवाला शिवलं तर पुण्य तरी लागतं."

बटणांचा विषय काढला की आमच्या मंडळींचे आवाज चढतात. सदऱ्याचं बटण साधारण अकरा मिलिमीटरचं. त्याचा सहावा भाग दोनालाही कमी. बाजारातलं लहानात लहान टिचबटण लावलं तरी शिपायाच्या छातीवर ताटल्या मांडल्यासारखं होतं. म्हणून बटण टाचणीच्या डोक्याचं, काज नुसतं दोऱ्यानं भासवलेलं, आणि खरी बांधणी आत दडवलेल्या हुकाची. हे इतकं का करायचं, असं लोक विचारतात. लंडनच्या राजवाड्यासमोर पहारा देणाऱ्या पाच पायदळी गार्ड पलटणी घ्या. सगळ्यांचे लाल डगले, सगळ्यांच्या डोक्यावर अस्वलाच्या कातडीची टोपली. ओळखायचं कसं? बटणांवरून. ग्रेनेडियर असेल तर बटणं एकेकटी, कोल्डस्ट्रीम असेल तर दोन-दोनच्या जोड्या, स्कॉट्स तीन-तीन, आयरिश चार-चार, वेल्श पाच-पाच. एक बटण तुटलं तर शिपाई देश बदलतो.

पायपट्टीचंही तसंच. खरी पट्टी नऊ फूट लांब, चार इंच रुंद. आमच्या मापात ती दीड फूट. पायदळवाला ती घोट्यापासून वर गुंडाळत नेतो आणि गुडघ्याखाली बांधतो. घोडदळवाला गुडघ्यापासून सुरू करून घोट्याशी संपवतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कुणाच्याही घरी गेले की शोकेसमधल्या शिपायाच्या तोंडाकडे बघत नाहीत, थेट पोटऱ्यांकडे बघतात. गाठ घोट्याशी दिसली की विचारतात, "घोडा कुठं आहे?" यजमान आत चहा सांगायला जातो तो लवकर बाहेर येत नाही.

सर्वांत छळतं ते पागोटं. लग्नात फेटे बांधणारा माणूस पाच मिनिटांत वऱ्हाडाची डोकी सजवून मोकळा होतो, कारण त्याचं डोकं आणि त्याचं कापड एकाच जगातलं असतं. इथं डोकं लिंबाहून लहान. खऱ्या लांबीच्या हिशेबानं मलमल गुंडाळत गेलात की जाडी काही सहापट कमी होत नाही, आणि शेवटच्या फेऱ्यापर्यंत शिपायाचे खांदे पागोट्याच्या आत जातात. उपाय म्हणजे आत कागदाच्या लगद्याचा पाया आणि वर दिसतील तेवढेच फेरे. एकूण काय, वरून डौल आणि आत लगदा. अशी पागोटी मी मोठ्या मापातही पाहिली आहेत, पण ते असो.

हे सगळं जमलं, आणि शिपाई कपाटात उभा राहिला, तेव्हा तेच पोटऱ्यावाले गृहस्थ आले. पट्टी बरोबर होती. बटणं मोजून झाली. मग चष्मा वर करून म्हणाले, "कुतमध्ये हा रोज किती अंडी खायचा?"

प्रश्न रास्त होता. कारखान्यातून येणारं हे बारा इंची शरीर व्यायामशाळेतलं असतं. छाती भरलेली, दंड फुगलेले, पोटावर सहा वड्या. आणि कुतमध्ये वेढा लांबत गेला तसा शिधा घटत गेला. पलटणींचे घोडे कापून खायची वेळ आली आणि आपल्याकडच्या कित्येक शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडनं शरणागती पत्करली तेव्हा सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली, आणि त्यांतली हजारो कैदेतच मेली. अशा माणसाच्या अंगावर सदरा कसा बसत असेल? बसत नसेलच, टांगलेला असेल. नवा कोरा गणवेश शिवणं हा या छंदातला सोपा भाग आहे. गणवेश अंगाला मोठा होत गेलेला माणूस दाखवणं अवघड, आणि त्याला सुई कामाची नाही.

मी कानस घेतली. छाती घासली, दंड घासले, वड्या घासल्या. टेबलावर गुलाबी भुसा पडला. स्वयंपाकघरातून सल्ला आला, "अहो, कानस हातात आहेच तर जरा स्वतःच्या पोटाकडेही वळवा." कपडे परत चढवले, कोपरांना पॉलिशपेपर मारला, गळपट्टी चहात आणखी एकदा बुडवली. छाती आता पाच इंचांच्या आत आली आहे. गृहस्थ परत आले, बराच वेळ बघत राहिले, आणि पोटऱ्यांबद्दल काहीही न बोलता गेले. आमच्यात यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही.

आता दुसऱ्या महायुद्धातला, इटलीतला नाईक करायचा बेत आहे. रायगडच्या नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेतलं, तिथंच त्यांना वीरमरण आलं, आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा बाहुला करायचा माझा धीर होत नाही. त्यांच्या पलटणीतला एक साधा नाईक मात्र करावा म्हणतो. दंडावर दोन फिती, डोक्यावर उथळ लोखंडी टोप. टोपासाठी पंचामृताची एक वाटी हेरून ठेवली आहे, अजून देव्हाऱ्यातून हलवलेली नाही; काकूचा मूड पाहतो आहे.

अडचण माहितीची आहे. पुस्तकांत सेनापतींचे फोटो छापतात, शिपायांचे नाहीत. शिपायांचे फोटो आहेत ते साताऱ्याकडच्या, कोल्हापूरकडच्या, कोकणातल्या घरांच्या भिंतींवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत. घराला रंग काढताना ते माळ्यावर जातात आणि माळ्यावरून रद्दीत. तुमच्याकडे पणजोबांचा असा फोटो असेल तर कृपा करून टाकू नका. मागं पेन्सिलनं नाव, गाव, पलटण आणि साल लिहून ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, आजच. पलटण कुणालाच आठवत नसेल तर फोटो उजेडात धरा, बटणं मोजा, आणि पायपट्टीची गाठ वर आहे की खाली तेवढं लिहून ठेवा. बाकीचं आम्ही काढू शोधून.