कौशल्य वांद्र्याचं, जुगार पामचा

बोईसरजवळच्या आमच्या पाम गावात पत्ते कुटायला श्रावण लागायचा. भाताची लावणी आटोपलेली, तारापूर एमआयडीसीतून पाळी संपवून आलेल्याला पावसात दुसरं काही सुचत नाही, मग कुणाच्या तरी ओटीवर सतरंजी पडायची. गोकुळाष्टमीच्या रात्री तर देवाच्या जन्माला जागायचं या धार्मिक सबबीवर अख्खी आळी पत्त्यांना बसे. रमी, तीनपत्ती, ज्याचा जसा जीव. पैसे लागायचे, खोटं कशाला बोला. दहा-वीस रुपये इकडचे तिकडे व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी हंडीला हरलेला गडी जिंकलेल्याच्या खांद्यावर चढायचा.

याला कायद्यात जुगार म्हणतात. कायदा १८८७ चा, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. राणी गेली, इंग्रज गेला, कायद्याच्या नावात मुंबईचं महाराष्ट्र झालं, पण कुणी चुगली केली की छापा पडायचा तो याच कायद्याखाली. मग पेपरात चौकोनी बातमी : बावन्न पत्त्यांचा कॅट, रोख रक्कम आणि ‘जुगाराचे साहित्य’ जप्त. साहित्य म्हणजे सतरंजी. साहित्याला आपल्याकडे एवढं गांभीर्याने घेणारं पोलीस हे एकमेव खातं असावं.

अशा या गुन्हेगार गावात एके दिवशी क्रिकेटची मॅच चालू असताना, विकेट पडल्यावर, भारतरत्न सचिन तेंडुलकर आला आणि अ‍ॅपवर खेळायला बोलावू लागला. अ‍ॅप पेटीएम फर्स्ट गेम्सचं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सचिन त्यांचा ब्रँड अ‍ॅम्बॅसेडर झाला होता. अ‍ॅपमध्ये फॅन्टसी क्रिकेट होतं आणि तीच आमची ओटीवरची रमीही होती. सतरंजी तेवढी नव्हती. जाहिरातीच्या शेवटी एक आवाज सांगायचा, की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. जाहिरात मानक परिषदेचा नियमच होता : छापील जाहिरातीत इशाऱ्याला किमान वीस टक्के जागा, बोलत्या जाहिरातीत नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने. आता नेहमीचा वेग कोणाचा, हे परिषदेने आमच्या बोईसर स्टेशनावरच्या कोकम सरबतवाल्याला विचारलं असावं. गाडी सुटताना तो ज्या वेगाने सुट्टे नाहीत म्हणतो, तोच तो वेग.

पुढचं आपल्याला आठवत असेल. ऑगस्ट २०२३. अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी सचिनला जाहिरात सोडण्यासाठी मुदत दिली. उत्तर आलं नाही, म्हणून ३१ तारखेला कार्यकर्ते घेऊन ते वांद्र्याला त्याच्या घरासमोर धडकले. जाहिरात सोड, नाहीतर भारतरत्न परत कर. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं, गुन्हा दाखल केला. कडू तेव्हा सत्ताधारी बाजूला होते, पण घोषणा झाल्या त्या वांद्र्याच्या फाटकावर. मंत्रालयासमोर उभं राहिलं तर आतला माणूस आपलाच निघतो, ही सत्तेतली मोठी अडचण असते. नंतर त्यांनी गणेश मंडळांसमोर सचिनच्या नावाने दानपेट्या ठेवायचं जाहीर केलं. गणपतीसमोर क्रिकेटच्या देवाची भीकपेटी, ही कल्पना मात्र मला आजही मनापासून आवडते.

महाराष्ट्र खवळला. अर्धा जाहिरातीवर, उरलेला अर्धा कडूंवर. डहाणू लोकलमध्ये आमच्या डब्यात दोन तट पडले. एक म्हणे, ज्याला देव म्हटलं त्याने हे करावं? दुसरा म्हणे, त्याच्या पोटावर का उठता? या भांडणात एकदाही, अगदी एकदाही, पैसे कुठे जातात हा प्रश्न आला नाही. त्याच महिन्यात शाहरुख खानच्या मन्नत बंगल्याबाहेरही अशाच दुसऱ्या अ‍ॅपच्या जाहिरातीसाठी निदर्शनं झाली होती. ती किती जणांना आठवतात? शाहरुखकडून कुणाची अपेक्षाच नव्हती, म्हणून कुणाचा अपेक्षाभंगही झाला नाही. राग खेळावर असता तर दोन्हीकडे सारखा दिसला असता. आमचा राग होता देव बाजारात उभा राहिल्याचा. बाजाराबद्दल तक्रार नव्हती.

सचिनच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, गोव्याच्या एका कॅसिनोने त्याचा फोटो जोडून जाहिरात केली तेव्हा तो संतापला होता. जुगार, तंबाखू, दारू यांची जाहिरात आपण कधीच केली नाही, असं त्याने जाहीर सांगितलं. आणि ते खरं होतं. कारण मोबाईलवरची रमी हा जुगार नव्हेच.

हे ज्ञान मला माझ्या भाच्याने दिलं. तो एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर. बारा तासांची ड्युटी, कंपनीच्या गेटवर ‘अपघाताविना किती दिवस’ असा फळा. एका रात्री अडीच वाजता उठलो तर पडवीत उजेड. भाचा भिंतीला टेकून बसलेला, फोनच्या काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला, आणि तड्याच्या बरोबर खाली चौकटची राणी. अंगठा एवढा हलका फिरत होता, की जाग्या माणसालाही ऐकू येऊ नये.

“अरे, जुगार खेळतोस?”

“मामा, जुगार नाही. स्किल गेम आहे. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय.”

दुसऱ्या दिवशी मी शोधून काढलं, पोरगं बरोबर होतं. सिकंदराबादच्या एका क्लबवर धाड पडली होती, ते प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं, कुठलं टाकायचं याला डोकं लागतं. तीनपत्तीला लागत नाही. म्हणजे आमच्या ओटीवरही रमीचे खेळाडू कुशल होते आणि तीनपत्तीवाले गुन्हेगार. छापा मात्र एकाच सतरंजीवर पडायचा आणि दोघे एकाच जीपमध्ये बसायचे.

निकाल मी शेवटपर्यंत वाचला, ही माझी चूक. पुढे न्यायालयाने असंही म्हटलंय, की क्लबचा मालकच या खेळातून नफा कमवत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो. आता प्रत्येक डावातून आपली कात्री मारणारं अ‍ॅप म्हणजे क्लब की मंदिर, हे वकील मंडळी वर्षानुवर्षं ठरवत बसली. ते वाक्य मात्र जाहिरातीच्या त्या वीस टक्के जागेत कधी मावलं नाही.

नाव बदललं की वस्तू बदलते, हे तारापूर परिसराला कुणी शिकवायला नको. कारखान्यांतून निघतं ते नवापूरच्या समुद्रात सोडलं की ‘प्रक्रिया केलेलं सांडपाणी’ होतं. मासे अशिक्षित, त्यांना फरक कळत नाही.

मग देवाचाच खेळ झाला. जानेवारी २०२४ मध्ये सचिनचा एक व्हिडिओ फिरला. त्यात तो एका गेमिंग अ‍ॅपची तारीफ करत होता आणि लेक त्यावर रोज १ लाख ८० हजार कमावते म्हणून सांगत होता. व्हिडिओ बनावट, आवाज बनावट. सचिनने तक्रार केली, मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा दाखल केला. भाच्याला मी म्हटलं, हा खोटा सचिन आहे. तो म्हणाला, “मामा, बोलतोय तर खऱ्यासारखंच.” यावर मला उत्तर सुचलं नाही. खऱ्याने अ‍ॅपची ओळख करून दिली नसती, तर खोट्याला एवढं सोपं गेलं असतं का, हा प्रश्न मी मनातच ठेवला. भाच्याच्या भिंतीवर अजून सचिनचं पोस्टर आहे.

जाहिरात खरी पोहोचली ती जुलै २०२५ मध्ये. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाईलवर रमी खेळतानाचा व्हिडिओ आमदार रोहित पवारांनी टाकला. मंत्र्यांनी खुलासा केला : खेळत नव्हतो, मध्येच जाहिरात आली, ती स्किप करत होतो. माझा यावर पूर्ण विश्वास आहे. जाहिरातीवर एवढा निष्ठुर आरोप तर कडूंनीही केला नव्हता. लातूरला त्यांच्याच पक्षाच्या सुनील तटकरेंसमोर पत्ते उधळले गेले, उधळणाऱ्याला मार पडला, राज्य आठवडाभर ढवळून निघालं. आणि ३१ जुलैला सरकारने कठोर निर्णय घेतला : कोकाट्यांचं कृषी खातं काढून त्यांना क्रीडा खातं दिलं. कौशल्य विकास खातं तेव्हा रिकामं नव्हतं.

गोकुळाष्टमी झाली आणि आठवडाभरातच दिल्लीने डाव उलटवला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद, मग कौशल्याचे असोत की नशिबाचे. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. सरकारचाच अंदाज, की ४५ कोटी लोक यात वर्षाला सुमारे २०,००० कोटी घालवत होते. जवळजवळ अठ्ठावन्न वर्षं पोसलेलं कौशल्य तीन दिवसांत गेलं. भारतीय संघाच्या छातीवरून ड्रीम इलेव्हन या अशाच अ‍ॅपचं नाव उतरलं, आणि आशिया चषकात पोरं छातीवर कुठल्याही प्रायोजकाचं नाव न घेता खेळली. बरी दिसली.

भाच्याचं अ‍ॅपही बंद झालं. आता त्याच्या मित्रांकडे ‘आयडी’ असते. व्हॉट्सअ‍ॅपवर कुठला तरी नंबर, त्याला पैसे पाठवले की आयडी चालू. तिथे ना भारतरत्न, ना वीस टक्के जागा, ना जबाबदारीने खेळा म्हणणारा आवाज. वांद्र्याला कुणाच्या फाटकावर जायचं, हेही कळत नाही. जायचं झालंच तर आमच्याकडून बऱ्याचदा विरारला गाडी बदलावी लागते.

अ‍ॅपने जाताना नियम पाळला, हे नमूद करतो. वॉलेटमध्ये शिल्लक असलेले १४० रुपये भाच्याच्या खात्यात परत आले, मेसेजसकट. आधीचे अडतीस हजार कौशल्यात गेले.