उणे सहा आणि चहा

जानेवारीत स्कॉटलंडला जाऊ नये, हे ज्याला त्याला माहीत आहे. विमान कंपन्यांनाही माहीत आहे. म्हणून तिकीट जानेवारीतच स्वस्त असतं, आणि म्हणून आम्ही जानेवारीत भाच्याकडे गेलो. मी सोलापूरचा. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी थेट चहाला लावावं इतकं तापतं. थंडी म्हणजे पहाटे उठून पंखा एकवर करायची वेळ, एवढीच माझी समज. तेव्हा अंगावर चढवता येईल तेवढं सगळं चढवून मी मुंबईलाच विमानात बसलो आणि इन्व्हर्नेस येईपर्यंत वाफवून निघालो.

डोक्यावर माकडटोपी होती. बायकोने विणलेली, तपकिरी, वर गोंडा. ‘मामा, दुकानात शिरताना तेवढी काढत जा,’ भाचा म्हणाला. तिकडे म्हणे असली टोपी सिनेमातले दरोडेखोरच घालतात. मी काढली नाही. बेकरीतल्या मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न मागता दोन बन जास्त घातले. सोलापुरात टोपीचा असा फायदा कधी झाला नव्हता.

भाचा खिडक्या धुतो. स्वतःचा धंदा, स्वतःची व्हॅन. गंमत म्हणजे स्कॉटलंडात १९८२ च्या एका कायद्याप्रमाणे खिडक्या धुणाऱ्याला परवाना घ्यायला लावायचा अधिकार कौन्सिलला आहे. बरोबरच आहे; अनोळखी माणूस शिडीवर चढून लोकांच्या बेडरूममध्ये डोकावणार, तर तो कोण कुठला हे कळायला नको? आमच्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला, तो ‘फॅसिलिटी मॅनेजमेंट’मध्ये आहे एवढंच ठाऊक. ते अगदीच खोटंही नाही. इंजिनिअर झालेला पोरगा परक्यांच्या काचा घासतो हे तिला सांगायचं कोणी, हा प्रश्न आमच्या कुटुंबात बरेच दिवस फिरतोय. ज्याच्याकडे येतो तो पुढे सरकवतो.

शिडी आता तो क्वचितच लावतो. व्हॅनमध्ये चारशे लिटरची टाकी आणि पंप. तिथून निघणारी शंभर मीटर बारीक नळी. नळीच्या टोकाला कार्बन फायबरचा लांबच लांब दांडा, त्यावर ब्रश. जमिनीवर उभं राहून वरच्या मजल्याची काच घासायची, तिच्यावर पाणी सोडायचं आणि निघून यायचं. पुसायचं नाहीच. त्यामुळे पाणी मात्र असं लागतं की वाळल्यावर डाग राहू नये. ते रेझिनच्या बाटलीतून गाळून घेतात आणि मग पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो. सोलापुरात आरओ विकायला आलेल्या माणसाने आमच्या पाण्यात असाच मीटर बुडवला होता. आकडा बघून तो आम्ही दिलेलं पाणी न पिताच निघून गेला. हायलँड्सच्या पाण्यात मुळातच क्षार कमी, म्हणून नुसत्या रेझिनवर भागतं. दक्षिण इंग्लंडात आधी आरओ लावावा लागतो, आणि आरओचा पडदा एकदा गोठला की कामातून गेला.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. या नऊ टक्क्यांपुढे पंप, नळाचे सांधे, रेझिनच्या बाटलीचं झाकण, कोणाचंच काही चालत नाही. मला वाटलं, काळजी टाकीची असेल. ‘टाकीचं काही नाही मामा. चारशे लिटर पाणी एका रात्रीत थोडंच गोठतंय? बारीकसारीक नळ्या आधी जातात,’ भाचा म्हणाला. त्यामुळे दिवसभर जेवढं काम, तेवढंच रात्री. सांधे सोडवायचे, पंपातलं पाणी काढून टाकायचं, ब्रश घरात आणायचे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर टाकून व्हॅनमध्ये एक नळकांड्याएवढा हीटर लावायचा. मुळात काचघरातल्या रोपांसाठी बनवलेला. पारा उतरला की आपोआप चालू होतो. आम्ही कौतुकाने नेलेली सोलापुरी चादर पहिल्याच रात्री पंपाच्या अंगावर गेली.

‘चादर ऊब देत नाही मामी,’ तो समजावायला लागला, ‘असलेली ऊब धरून ठेवते. ऊब हीटर देतो.’

‘सोलापूरच्या बाईला चादर शिकव,’ बायको म्हणाली.

रेझिनची बाटली तर तो व्हॅनमध्ये ठेवतच नाही. ती पाहुण्यांच्या खोलीत झोपते. पाहुणे आम्ही. पलंग आणि रेडिएटर यांच्या मधल्या उबदार जागेवर तिचा हक्क. रात्री उठलो की अंधारात मी तिला धडकायचो आणि ‘सॉरी’ म्हणायचो.

लॉक नेसला जायचं ठरलं तेही तिच्यासह. तळ्याकाठच्या एका गेस्ट हाउसच्या खिडक्या धुवायच्या होत्या, ‘जाता जाता होऊन जाईल’ म्हणाला. सूर्य तिथे पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि चारला दुकान बंद करतो, त्यामुळे ‘जाता जाता’ला जागा फार थोडी. व्हॅनच्या पुढच्या बाकावर आम्ही तिघं, मागे चारशे किलो पाणी. गाडीतला आकडा उणे सहा. इकडचे लोक त्याला थंडी म्हणत नाहीत. ब्रेमार गावात १८९५ साली आणि पुन्हा १९८२ साली उणे २७.२ झालं होतं, ते त्यांचं माप. वाटेत अर्कर्ट किल्ला लागतो. १६९२ मध्ये सोडून जाताना सरकारी शिपायांनीच तो सुरुंग लावून उडवला, तेव्हा पाहण्यात वेळ जात नाही. लॉक नेस पाहिलं. मोठं आहे.

गेस्ट हाउसची मालकीणबाई सत्तरीची, हातमोजे न घालता बर्फ झाडणारी. भाच्याने नळी सोडली आणि काम सुरू केलं. थंडीत नियम एकच, पाणी वाहतं ठेवायचं. एका खिडकीवरून दुसरीकडे जातानासुद्धा पंप थांबवायचा नाही; वाहत्या पाण्याला गोठायला सवड मिळत नाही. तळमजल्याच्या खिडक्या झाल्या आणि बाईंनी चहाला बोलावलं. नाही म्हणणं अशक्य होतं. ‘पाचच मिनिटं,’ भाचा म्हणाला आणि त्याने पंप बंद केला.

त्याने मामी हिशेबात धरली नव्हती.

बाईंनी शॉर्टब्रेड पुढे केलं. बायकोने पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढली. बाईंनी चटणी जॅम समजून चमचाभर घेतली. मग पाणी, मग दूध, मग डोळे पुसणं, आणि मग पुन्हा चमचा पुढे. कृतींची देवाणघेवाण सुरू झाली. शॉर्टब्रेडला एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. हे बायकोने माझ्या बोर्डिंग पासच्या मागे लिहून घेतलं. भाचा खुर्चीत चुळबुळत होता. ‘मामी, जरा पंप बघून...’ ‘बस रे, चहा निवतोय.’

बाहेर आलो तेव्हा नळी होती तिथेच होती. भाच्याने टोक उचललं तर ती शेवग्याच्या शेंगेसारखी ताठ वर आली. सहा मिलिमीटरचं भोक, शंभर मीटर लांबी, म्हणजे सुमारे पावणेतीन लिटर पाणी. तेवढ्याने सगळा धंदा बसला. ब्रशचे केस एकमेकांना चिकटलेले. ज्या खिडक्यांतून तळं दिसतं म्हणून खोलीचं भाडं जास्त, त्या पांढऱ्या नक्षीने आंधळ्या झालेल्या. आणि समोर ते तळं! इंग्लंड-वेल्समधली सगळी तळी एकत्र ओतली तरी भरणार नाही असं, दोनशे तीस मीटर खोल, आणि कधीही न गोठणारं. वरचं पाणी थंड झालं की जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं. एवढ्या पाण्याची ऊब संपण्याआधी हिवाळा संपतो. मला त्या तळ्याचा मनापासून राग आला.

खिडक्यांवरून ओघळलेलं पाणी दारासमोरच्या फरशीवर गोठलं होतं. ते दिसत नव्हतं, पण बायकोला सापडलं. ती घसरली आणि बसली. कोट इतका जाड की लागलं काहीच नाही. बसल्या जागेवरूनच तिने विचारलं, ‘यावर मीठ टाकत नाहीत का?’ बाई तोवर रस्त्याकडेच्या पिवळ्या पेटीतून खडेमीठ घेऊन आल्याच होत्या. ‘मग पाण्यातच मीठ घाल की.’ भाच्याने कपाळाला हात लावला. शून्य टीडीएससाठी एवढा खटाटोप आणि त्यात मीठ! मी गाडीच्या रेडिएटरमधल्या अँटिफ्रीझचं सुचवून पाहिलं. ते विषारी, वर चवीला गोड. सांडलेलं चाटून कुत्री-मांजरं मरतात. शेवटी बाईंनी व्हिस्कीची बाटली आणली. चाळीस टक्क्यांची व्हिस्की साधारण उणे सत्तावीसला गोठते, म्हणजे ब्रेमारच्या थंडीपर्यंत जवळजवळ निभावते. ती खिडकीसाठी नव्हती. मला हातांची थरथर थांबण्यापुरती मिळाली.

मग बाईंनी हुकूम सोडला: नळी घरात. पहिल्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीतल्या बाथटबमध्ये कोमट पाणी सोडलं. उकळतं नाही, त्याने नळी तडकते, आणि थंडगार काचेवर ओतलं तर काचही. न वाकवता, अलगद, आम्ही शंभर मीटर नळी जिन्यावरून वर नेली आणि देखरेखीला माझी नेमणूक झाली. तळ्यातला नेसी नावाचा अजस्र प्राणी दिसावा म्हणून जगभरातून लोक लॉक नेसला येऊन काठावर तासन्‌तास बसतात आणि त्यांना काही दिसत नाही. मी माकडटोपी घालून टबाच्या काठावर बसलो होतो आणि माझ्यासमोर पाण्यात काहीतरी काळं, लांबलचक, वेटोळं घालून पडलं होतं. मधूनच त्याच्या तोंडातून बर्फाची बारीक कांडी सरकत बाहेर यायची आणि टबात तरंगायला लागायची.

भाचा मात्र जुन्या हत्यारांवर आला होता. बादलीत कोमट पाणी, त्यात गाडीच्या काचा धुवायचं हिवाळी द्रावण. त्यातल्या अल्कोहोलने पाणी लवकर गोठत नाही. एका हातात भिजलेला बोळा, दुसऱ्यात स्क्वीजी. एटोरे स्टेकोने नावाच्या, अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या इटालियन माणसाने १९३६ मध्ये पेटंट घेतलं त्याच घराण्यातली. हलका पितळी दांडा आणि एकच रबरी पट्टी. थंडीत रबर कडक होतं म्हणून जादा पट्ट्या तो छातीशी, आतल्या खिशात ठेवतो. बाथरूमच्या खिडकीतून मी पाहत होतो. वरून सुरुवात, नागमोडी एकच ओढ, शेवटी पट्टी कापडावर पुसली, कोपऱ्यातला थेंब बोटाने टिपला. पाणी गोठायच्या आत काच कोरडी. आमच्या घराण्यात सर्व्हर बंद पडला म्हणून दुपारीच घरी येणाऱ्यांचं केवढं कौतुक चालतं! या पोराबद्दल लग्नकार्यात कोणी विचारलं की आम्ही सगळे एकदम जिलेबी वाढायला उठतो.

नळी मोकळी झाली तेव्हा सूर्य गेला होता. बाईंनी पैसे दिले, पुढच्या महिन्याची वेळ ठरवली, आणि उरलेली चटणी मागून घेतली. निघताना भाच्याला बागेतला नळ दिसला, उघडाबोडका. ‘याला रात्री काहीतरी गुंडाळायला हवं,’ तो म्हणाला. बायकोने माझ्या डोक्याकडे पाहिलं. टोपी नळाला अगदी मापाची बसली. गोंडासुद्धा शोभला. परतीच्या वाटेवर मी दोन्ही कान हातांत धरून बसलो होतो.

घरी आल्यावर भाच्याने हातमोजे काढले. बोटांची टोकं चिरलेली, एकदोन चिरा लाल. आतून भिजलेला मोजा दिवसभर घालायचा म्हणजे असंच होणार, तो म्हणाला. बायकोने बॅगेतून कैलास जीवनची डबी काढली, त्याला समोर बसवलं आणि एकेक बोट चोळायला लागली. तो लहानपणी आंबे पाडताना खरचटून यायचा तेव्हा बसायचा तसाच मान खाली घालून बसला होता.

‘आईला सांगू नकोस हं मामी.’

‘काय सांगायचंय त्यात?’ ती म्हणाली, आणि बराच वेळ चोळत राहिली.

तेवढ्यात ताईचाच व्हिडिओ कॉल आला. तिकडे मध्यरात्र होत आलेली, पण भाऊ परदेशात असला की तिला झोप लागत नाही. काय जेवलात, किती थंडी, नेसी दिसली का. मी म्हटलं, दिसली. बोलता बोलता मागून भाचा नळीचं रीळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून स्वयंपाकघरात चालला होता, तो तिला दिसला.

‘अगंबाई, हे काय उचललंय त्याने?’

‘ऑफिसचं काम आहे,’ बायको म्हणाली, ‘घरी घेऊन आलाय.’

‘बरं झालं बाई,’ ताई म्हणाली. ‘एवढ्या थंडीत बाहेर पडायला नको.’