कानाला बूच, बुलेटला मोकळीक

गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरवर स्पीकर दणाणतो, मागून फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरची बुलेट येते. स्वाराचं हेल्मेट आरशाला.

ते डोक्यावर असलं, तरी ताशी १०० च्या वेगात आत वाऱ्याचाच आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या हिशेबाने एवढा आवाज दिवसाकाठी १५ मिनिटंच सोसावा. कानात घातलेला कापसाचा बोळा थंडी अडवतो, आवाज फारसा नाही.

त्याऐवजी कानात घालायचं फोमचं बूच घ्यावं: ते बोटांनी वळून बारीक करायचं, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, बूच सरकवून फुगेपर्यंत दाबून धरायचं. कान ओढून घ्यायची सवय शाळेपासून असतेच!

हॉर्न तरीही ऐकू येतो. बुचात गाणी वाजत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक इअरफोनकडे. घेणाऱ्याने पाकिटावरचा एनआरआर, म्हणजे आवाज किती घटतो ते सांगणारा आकडा, ३० च्या आसपास आहे ना, तेवढं पाहावं.