घराच्या व्यवहारास वकील निवडणे: कलमवार मार्गदर्शन

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. परंतु दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी चढावी की नाही, आणि चढणे भागच पडले तर कोणाचा हात धरून चढावी, याविषयी त्यांनी एक अक्षरही सांगून ठेवलेले नाही, आणि जो इसम ही दुसरी पायरी बेसावधपणे चढतो त्यालाच पुढे अर्धे आयुष्य ती पहिली पायरी झिजवावी लागते, असे माझे निरीक्षण आहे. पूर्वजांच्या उपदेशातील ही उणीव भरून काढावी या हेतूने, आणि पनवेलीच्या जुन्या पेठेतील आजोबांचे घर विकून त्याच पैशांत नवीन पनवेलीस सदनिका घेण्याच्या खटाटोपात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ या दोन्ही पदव्या एकाच वर्षी प्राप्त झाल्यामुळे अंगी आलेल्या अधिकाराने, मी पुढील कलमे लोकहितार्थ सादर करीत आहे.

प्रथम परिभाषा. मुंबईस फोर्टात सॉलिसिटर म्हणून जो वर्ग नांदतो, तो खाडी ओलांडून इकडे क्वचितच येतो. पनवेलीस असतो तो वकील. त्याची कचेरी जुन्या घराच्या ओटीवर नाहीतर एखाद्या दुकानाच्या माडीवर असते. तेथे अशिलांसाठी दोन खुर्च्या असतात, पैकी एकीवर फायली बसलेल्या असतात आणि दुसरीवर बांधावरून सख्ख्या भावाशी भांडून आलेला एक शेतकरी. आपण उभे राहावे. हा सराव नोंदणीच्या दिवशी उपयोगी पडतो.

कलम पहिले. जाहिरात पाहून वकील निवडू नये, कारण वकिलाला जाहिरात करताच येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला तशी मनाई असून दारावरची पाटीसुद्धा बेताच्याच आकाराची असावी असा दंडक आहे. दंतमंजनापासून देवदर्शनापर्यंत सर्व काही जाहिरात वाचून पसंत करणाऱ्या आम्हा लोकांची त्यामुळे मोठी पंचाईत होते, आणि पंचाईत झाली की नातलग धावून येतात. उरण नाक्यापासून मिरची गल्लीपर्यंत आपल्याला ओळखत नाही असा माणूस नाही, असे ज्यांचे स्वतःचेच मत आहे, त्या माझ्या साडूंनी ‘आपल्या घरचाच माणूस’ म्हणून एक वकील आणला. तरुण, हसतमुख, अंगावर कडक इस्त्रीचा कोट. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे ही त्यांची खासियत; मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शेजारी कळंबोलीसच सुरू होत असल्यामुळे त्या कामाला इकडे तोटा नाही. त्यांनी आमच्या मिळकत पत्रिकेवर नजर फिरविली, तीवरचे माझ्या वडिलांचे एकट्याचे नाव मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “काही काळजी करू नका, साहेब.” मला ते फार आवडले.

कलम दुसरे. पहिल्याच भेटीत ‘काळजी करू नका’ म्हणणारा वकील घेऊ नये. हे कलम लिहिताना लेखणी अडखळते, कारण वैद्य, ज्योतिषी, गवंडी आणि वकील हे सर्व मी जन्मभर या एका वाक्यावरूनच निवडत आलो आहे, आणि आमच्या न्हाणीघराचे छत अद्याप का गळते याचा उलगडा त्यातच आहे. वकिलाची फी ही वस्तुतः आपल्या वतीने काळजी करण्याची मजुरी होय. कागद न पाहताच जो काळजी सोडून देतो, तो न केलेल्या कामाचे दाम मागत असतो.

पत्नीच्या हट्टास्तव मी लाईन आळीतल्या दुसऱ्या एका वकिलांकडे गेलो. वय सत्तरीपुढचे, मुद्रा एकंदर मनुष्यजातीवर नाराज. त्यांनी पत्रिका वाचली, उलटी केली, तिच्या कोऱ्या पाठीकडेही तितक्याच बारकाईने पाहिले आणि विचारले, “घर घेतलं कोणी?”

“आजोबांनी. स्वतःच्या कमाईतून.”

“वारले केव्हा?”

“१९६१ साली.”

“मृत्युपत्र?”

“नाही.”

“मुलगे किती, मुली किती?”

“वडील एकटेच. आणि दोन आत्या. पण त्या लग्न होऊन गेल्या.”

त्यांनी चष्मा काढला. “गेल्या त्या पनवेलीतून. वारसांतून कशा जातील?”

येथे वाचकांनी एक गोष्ट गाठीस बांधावी, कारण ती मला फुकट मिळालेली नाही. मुलींना हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीने, अशी सर्वत्र समजूत आहे. परंतु ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील जन्मसिद्ध हक्कापुरती. बापाची मिळकत स्वकष्टार्जित असेल, आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाल्यावर तो मृत्युपत्राविना वारला असेल, तर मुलगी त्या दिवसापासूनच मुलाच्या बरोबरीची वारस ठरते. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर एकट्या मुलाचे नाव चढले म्हणून तो एकटा धनी होत नाही. त्या नोंदी सरकारच्या वसुलीची सोय, मालकी सिद्ध होते ती मूळ दस्तावरून आणि वारसाहक्कावरून. ज्या कागदावर वडिलांचे नाव पाहून मला साठ वर्षे अभिमान वाटला, त्याची ही योग्यता ऐकून मी घरी आलो आणि जेवलो नाही.

कलम तिसरे. बिल्डरचा वकील बिल्डरचा असतो आणि बँकेचा वकील बँकेचा असतो. हे सिद्ध करण्यास न्यायशास्त्र लागत नाही, तरी निम्मी पनवेल ‘बँकेनं कर्ज दिलं म्हणजे कागद साफच असणार’ या श्रद्धेवर निजते. बँकेच्या वकिलाची फी माझ्या खिशातून गेली. त्यांचा अहवाल मला पाहावयास मिळाला नाही. महारेरा २०१७ साली सुरू झाल्यापासून नव्या प्रकल्पांच्या मालकीविषयीचा वकिली अहवाल तेथे नोंदलेला असतो. तो जरूर वाचावा, मात्र तो कोणी लिहवून घेतला आहे हे विसरू नये.

कलम चौथे. वकील स्थानिकच असावा. १८५२ साली नगरपालिका आणि २०१६ साली महानगरपालिका झालेले हे गाव वरून एक दिसत असले, तरी जमिनीच्या कागदांत येथे पाच गावे एकमेकांच्या पोटात दडलेली आहेत. जुन्या पेठेत गावठाण; तेथील दस्त कुलाबा जिल्ह्याचे, कारण रायगड हे नाव १९८१ चे, मूळ कागद क्वचित मोडीत, आणि चतुःसीमा अशा शेजाऱ्यांच्या, की ज्यांच्या नातवंडांनाही त्या ठाऊक नाहीत. रेल्वेच्या पलीकडे नवीन पनवेल. ती वसविणाऱ्या सिडकोचा जन्म १९७० चा, आणि तेथील जमीन भाडेपट्ट्याची, म्हणजे आपण घेतो तो पट्ट्याचा उरलेला काळ, आणि घराच्या हस्तांतरास सिडकोची परवानगी व शुल्क लागते. सभोवारच्या गावांतून साडेबारा टक्क्यांचे भूखंड. १९८४ साली सिडकोसाठीच्या भूसंपादनाच्या आंदोलनात उरण तालुक्यात पाच जणांनी प्राण दिले, त्यामागून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत मिळू लागला. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील होते, हे वकिलांविषयी सरसकट कडवट बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. अशा भूखंडावरची सदनिका घेताना मूळ वारस किती आणि त्रिपक्षीय करारावर सह्या कितींच्या, हे मोजणारा वकील पाहिजे. त्यापलीकडे २०१३ पासून नैनाचे, म्हणजे नव्या विमानतळाच्या प्रभावाखालचे, क्षेत्र. आणि माथेरान-कर्नाळ्याच्या पायथ्यास शेतजमिनी, ज्यांवर ‘फार्महाऊस’ बांधण्यासाठी मुंबईचे लोक दर रविवारी मोटारींतून येतात, आणि शेतकरी नसलेल्यास १९४८ च्या कूळकायद्यान्वये परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही हे सोमवारी कळल्यावर परत जातात. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे दिसले, किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असली, तर विकणाऱ्याला पाणी विचारण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

कलम पाचवे. शोध किती वर्षांचा घेणार, हे विचारावे. निदान तीस वर्षांचा घेण्याचा प्रघात आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न, कोठे घेणार? पनवेलीस दुय्यम निबंधकांची कचेरी एकाहून अधिक आहे, आणि सगळीकडचे निर्देश न पाहता एकाच ठिकाणची शुल्काची पावती अहवालाला टाचणारा वकील म्हणजे एकच खोली झाडून घर स्वच्छ म्हणणारा गडी. शोधासोबत वर्तमानपत्रात ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ या थाटाची जाहीर नोटीसही द्यावी. माझ्या नोटिशीला चौदा दिवसांत एकच हरकत आली, ती साडूंची. त्यांचा वकील मी बदलला म्हणून.

कलम सहावे. फी आधी ठरवावी, नोंदणी शुल्क आणि मुद्रांक शुल्क तिच्यातून वेगळे लिहून घ्यावे, आणि घासाघीस करू नये. नोंदणी शुल्क एक टक्का, पण तीस हजारांच्या वर जात नाही. सदनिका पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ही शेवटची माहिती वकिलांनी पत्नीच्या समक्ष दिली. ते घर आता तिचे आहे आणि मी तेथे राहतो.

कलम सातवे. दस्त वाचून दाखविणारा वकील निवडावा. थोरल्या आत्या इंदुरास निवर्तल्या होत्या. त्यांच्या तिन्ही मुलांची मुखत्यारपत्रे येण्यात चार महिने गेले, आणि त्या काळात मी वकिलांविषयी जे काही बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. धाकट्या आत्या पेणला, वय चौऱ्याऐंशी. हक्कसोडपत्राच्या दिवशी त्यांना घेऊन गेलो, तर कचेरीत सर्व्हर बंद. आमच्या पणज्यांच्या काळी कारकून जेवावयास जात, आता सर्व्हर जातो. फरक एवढाच, की कारकून परत येत. बाकड्यावर बसून वकिलांनी, आत्यांना कमी ऐकू येते म्हणून भर गर्दीत मोठ्या आवाजात, तो सबंध दस्त पहिल्या ओळीपासून वाचून दाखविण्यास सुरुवात केली. मी म्हटले, “साहेब, त्यांना ठाऊक आहे सगळं. सही करतील त्या.” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी चहा आणावयास गेलो.

परत आलो तेव्हा वाचन ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपांसह’ या ठिकाणी येऊन अडले होते. लिहिणारा यांत्रिकपणे लिहितो आणि ऐकणारा ऐकत नाही, असे हे शब्द. पण आत्या ऐकत होत्या.

“तरु कुठला? फणस तर दादानं तोडला.”

“हो आजी. पण लिहायची रीत आहे.”

“आणि ते शेवटचं काय?”

“निधिनिक्षेप. जमिनीत कोणी धन पुरलं असेल तर तेही.”

आत्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझी भातुकली आहे ना तिथं. पितळेची. विहिरीच्या कडेला पुरून ठेवली होती, दादा घेईल म्हणून. तीही देऊन टाकायची?”

मी हसलो. वकील हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि कोर्टात साक्षीदाराला विचारावे तितक्या गांभीर्याने विचारले, “आजी, तुमची इच्छा नसेल तर सही करू नका. मी दस्त पुन्हा टाईप करून घेतो.” माझ्या हातातला चहा हिंदकळला, खरेदीदाराने दिलेली मुदत चार दिवसांवर आली होती.

“नको,” आत्या म्हणाल्या. “राहू दे तिथंच.” आणि त्यांनी अंगठा पुढे केला, मग तो मागे घेऊन, आपल्याला सही येते असे सर्वांना बजावून, पेन मागितले.

संध्याकाळी त्यांना पेणच्या एस.टी.त बसवून दिले. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून मी प्रवासाची, औषधांची, पुढच्या महिन्यात भेटावयास येण्याची बोलणी करीत होतो. त्यांचे लक्ष नव्हते. गाडी हलली तेव्हा म्हणाल्या, “वकील चांगला शोधलास हो. विचारतो तरी.”

१९६१ पासून आम्ही कोणीच विचारले नव्हते. कलम आठवे हेच. ते आत्यांच्या नावावर चढवावे.